वाफ्यातून यायचा तो आवाज

मोटेवरच्या गाण्यांची जेवढी छापील पुस्तकं माझ्या हाती लागली ती सगळी अर्धी आहेत. पानं फाटलेली नाहीत, छपाई चांगली आहे, प्रस्तावना तर गाण्यांपेक्षा लांब आहेत. तरी अर्धी. हे मी आरोप म्हणूनच लिहिते आहे. आरोप कसा करायचा ते मला येतं, सतराव्या वर्षापासून दुसरं काही केलंच नाही. पण इथं आरोपीच्या पिंजऱ्यात पहिलं मलाच उभं राहावं लागतं, कारण वर्षभर मीही ते गाणं अर्धंच गात होते, आणि चांगली मान वर करून गात होते.

मी बोरी बुद्रुकची. कॉलेजात असताना संघटनेत गेले आणि लिहायला शिकले ते पत्रकं लिहून. वर जाड अक्षरात प्रश्न, मध्ये मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह. मुलींसाठी सकाळची एसटी, आंबेगावच्या पश्चिमेकडच्या वाड्यांना प्यायचं पाणी, दवाखान्यात डॉक्टर. नारायणगावच्या स्टँडवर उभं राहून ती वाटायची. लोक घ्यायचे, घडी घालायचे आणि पुढच्या गाड्यावर त्यातच भजी बांधून मिळायची. त्याचं वाईट वाटलं नाही कधी. वाईट वाटायचं ते सभेत. माझा गळा बरा म्हणून मला पहिलं उभं करायचे. "तू दोन गाणी म्हण, लोक जमले की भाषण चालू करू." म्हणजे गाणं हे आमच्यात भोंग्याच्या जागी. लोक जमले की भोंगा बंद.

त्या रागात मी पुण्याला गेले. तिथं एक अभ्यासक्रम निघाला होता. गाणं ज्या काळातलं, ज्या कामातलं, ज्या माणसांतलं असेल ते सगळं शोधायचं, आणि ते समजून मग गायचं किंवा वाजवायचं. माझ्या वर्गातली एक मुलगी सारंगीला जुन्या पद्धतीची आतड्याची तार लावून बसायची, ती तार दर आठवड्याला तुटायची आणि ती दर आठवड्याला रडायची. मला ते सगळं थोडं चैनीचं वाटायचं. पण मनातून मी खूश होते. गॅदरिंगमध्ये चमकीचे फेटे बांधून 'शेतकरी गीत' म्हणणाऱ्यांना दाखवायचं होतं की खरं गाणं कसं असतं. माझ्याकडं ते होतं. माझ्या घरात होतं.

आईचे चुलते, म्हणजे माझे आजोबाच, तरुणपणी मोटकरी होते. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. ती विहिरीत सोडायची, तिचा जाड दोर, म्हणजे नाडा, बैलांच्या जुवाला. विहिरीच्या काठापासून एक उतार खाली जातो, ती धाव. बैल धावेवरून खाली उतरले की भरलेली मोट वर येते, काठावरच्या थारोळ्यात रिकामी होते, आणि पाणी पाटानं मळ्यात जातं. मग बैलांना त्याच उतारावरून मागच्या पावलांनी वर आणायचं, मोट पुन्हा विहिरीत. दिवस मावळेपर्यंत हेच. खाली जाताना मोटकरी ताणलेल्या नाड्यावर बसायचा आणि गायचा. गावात इंजिन आलं तसं हे थांबलं. मी पाहिलेलं नाही. आईनंही जेमतेम पाहिलं.

पण आजोबा गायचे. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या, म्हणून खळ्यात इकडून तिकडं काठी टेकत फिरायचे आणि फिरताना गायचे. ते मी मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं.

चल माझ्या सरदारा, नाडा ताणून जा खाली,
हिरीच्या पोटातली उचल गारगार सावली.

मग शांत. बराच वेळ शांत. आणि मग पुढचं कडवं. मी ते जसंच्या तसं बसवलं, थांबण्यासकट, आणि वर्गात गायले.

मॅडमनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता म्हणतील वा. त्या म्हणाल्या, "मध्ये का थांबलीस?"

"आजोबा थांबतात."

"ते का थांबतात?"

"बैल मागं आणायचे असतात. तेव्हा श्वास बैलांवर जातो."

"बरं. मग खाली जायला जेवढा वेळ, त्याच्या दीडपट धरू मागं यायला. तू तर तिप्पट थांबलीस. दुसऱ्या कडव्यानंतर त्याहून जास्त. का?"

"ते तसं थांबतात म्हणून."

"म्हणजे तुला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "नक्कल चांगली केलीस."

नक्कल! मी खोलीवर येऊन वहीत तीन पानं लिहून काढली, जातिवंत पत्रक, सगळ्या उद्गारचिन्हांसकट. चौथ्या पानावर पेन थांबलं. बाई खरं बोलल्या होत्या. मला माहीत नव्हतं. त्या गप्प वेळात काय होतं ते कळल्याशिवाय मला ते गाणं परीक्षेत गाता येणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर परीक्षेचं एवढं नव्हतं. मला ते आता कुठंच गाता येईना. थांबायची जागा आली की वाटायचं, मी कुणाच्या तरी दारात उभी आहे आणि मला आत कोण राहतं ते ठाऊक नाही.

शनिवारी बोरीला गेले. आजोबांना खुर्चीत बसवलं, म्हटलं, शांतपणे सगळं गाणं म्हणा.

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "बसून नाय येत गं."

"येतंय की. खळ्यात म्हणता ना?"

"खळ्यात पाय चालत्यात. आता पाय म्हनत्यात आमी बसलोय, तू पन बस."

म्हणजे धावेवरच जायला हवं. विहीर अजून आहे. आत पाण्यातली मोटर, वर पाइपांचं जंजाळ, आणि धाव घाणेरीच्या झुडपांनी भरलेली. मामानं, म्हणजे आजोबांच्या मुलानं, ती कोयत्यानं साफ करून दिली. कुरकुरत दिली. पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. मी कामाच्या संदर्भासह गाणं शिकणारी विद्यार्थिनी! मला बैल पाहिजे होते.

आता आमच्या भागात बैल कोणाकडं आहेत? शर्यतवाल्यांकडं. नांगराला ट्रॅक्टर, पेरणीला ट्रॅक्टर, पण शर्यतीचा बैल घरोघर पोरासारखा, खुराक खाऊन तुकतुकीत. शेजारच्या मळ्यातल्या एका भाऊकडं अशी जोडी होती, आंबेगाव तालुक्यातल्या एका घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पहिली आलेली. मी जाऊन विनंती केली. भाऊ खूश झाला. "गान्यासाठी पायजे? शूटिंग हाय का?"

"शूटिंग नाही. फक्त धावेवरून खाली न्यायचे आणि मागं आणायचे."

"मागं म्हंजी?"

"मागच्या पावलांनी."

भाऊनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या पोराला उलटं टांगायला मागते आहे. "ताई, हा घाटाचा राजा हाये. त्यानं जल्मात मागं पाऊल टाकलं न्हाई."

तरी तो आला. उत्साही माणूस. बैल धावेच्या तोंडाशी उभे केले, समोर उतार, दोन्ही बाजूंना माती. आजोबांनी नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज केला, तोच. राजांना वाटलं शर्यत सुटली. उतारावरून जे सुटले ते सरळ मामाच्या टोमॅटोत, तारा-बांबू घेऊन पलीकडं. भाऊ मागं पळतोय, मामा भाऊच्या मागं पळतोय, आणि आजोबा काठीला धरून हसतायत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, ह्यांना मोटंवर धरलं असतं तर पयल्याच धावंला मोट जुन्नरात पोचली असती."

मामा परत आला तेव्हा हातात तुटलेला बांबू होता. "झालं का संशोधन?" एवढंच म्हणाला. मी चार बांबू पुन्हा ठोकून दिले, आणि पुढे महिनाभर घरात कुणी मला चहा दिला तरी तो संशोधनाचा चहा असायचा.

बैल गेल्यावर आजोबांनी स्वतःच काठी टाकली. "थांब. मीच जातो."

ते धावेवरून हळू खाली गेले, गात. गुडघा दुखत होता, पण आवाज खळ्यातल्यापेक्षा वेगळा होता, उतारानं तो पुढं ढकलल्यासारखा. 'सावली' हा शब्द बरोबर खाली पोचल्यावर सुटला. मग ते वळले नाहीत. तोंड तसंच मळ्याकडं ठेवून मागच्या पावलांनी वर यायला लागले, गप्प. मी धावले धरायला. त्यांनी हातानं मला बाजूला केलं. वर आले. थांबले. आणि मान थोडी डावीकडं, विहिरीच्या पलीकडच्या शेताकडं, कलती केली.

खळ्यात त्यांची ही मान मी कधी बघितली नव्हती, कारण खळ्यात मी मोबाइलकडं बघत होते.

"आजोबा, काय ऐकताय?"

"आं?" ते भानावर आल्यासारखे. "न्हाई, ती सांगती का बघत व्हतो."

"कोण?"

"दारं धरनारी."

दारं धरणं म्हणजे मळ्यात फावडं घेऊन उभं राहायचं. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पाणी पुढच्यात वळवायचं. मोटकरी विहिरीवर, दारं धरणारी लांब मळ्यात, बहुतेक वेळा घरातली बाई नाहीतर पोर. हे मला माहीत होतं. ती गाण्यात आहे हे माहीत नव्हतं.

"पानी पोचलं का न्हाई ते मला कळाया नको? ती तिकडून सांगायची. मंग मी फुडची ओळ धरायचो."

"म्हणजे गाण्यातच सांगायची? चालीवर?"

"मंग काय फोन करायची?"

"काय म्हणायची? शब्द काय होते?"

आजोबांचा चेहरा पडला. "शब्द कोन बघतंय गं. आवाज आला की मी सुटायचो. पयल्यांदा माझी थोरली बहीन असायची. तिचं लगीन झालं, मंग तुझी आजी." काठी उचलून ते घराकडं निघाले. "इतकी वर्सं ऐकलं. एक ओळ ध्यानात न्हाई."

ही माझ्या आरोपाची जागा. सगळ्या पुस्तकांत मोटकऱ्याची कडवी आहेत, एकाखाली एक, नीट नंबर घालून. कुणीतरी कधीतरी वही घेऊन विहिरीवर आलं असेल, नाड्यावरच्या माणसाचं गाणं उतरवून घेतलं असेल, आणि दोनशे पावलांवर चिखलात उभी असलेली बाई त्या माणसाला दिसली असेल पण ऐकू आली नसेल. आली असेल तरी ती ओरडते आहे असं वाटलं असेल. आणि मी? मी बायांच्या प्रश्नावर किती पत्रकं लिहिली! माझ्याच आजीचा आवाज मी श्वास म्हणून गात होते.

आजी मी जन्मायच्या आधी गेली. तिचं गाणं कुणाकडं असण्याचा प्रश्न नव्हता. पण आजोबांची बहीण निमगाव सावाला होती. आई तिला आत्या म्हणते, म्हणून मीही. रविवारी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेले.

आत्या पडवीत लसूण निवडत होती. ऐकायला कमी येतं, त्यामुळं मला सगळं ओरडून सांगावं लागलं, आणि त्यामुळं ते अर्ध्या गल्लीला कळलं.

"त्यानं धाडलं व्हय तुला?" आत्या म्हणाली. "बरा हाय ना?"

"बरे आहेत."

"बरा हाय तर सोता यायला काय झालं?"

"गुडघा दुखतो."

"माझा काय नाचतो का?"

मी मुद्द्यावर आले. दारं धरताना तुम्ही गाणं म्हणायचात ना, असं विचारलं. आत्यानं लसणाचा गड्डा खाली ठेवला.

"गानं? मी? आमच्या बापानं फावड्याचा दांडा मोडला असता पाठीत. पोरीच्या जातीनं मळ्यात गानं म्हनायचं व्हय? मी हाका मारायचे."

"कसल्या हाका?"

"पानी कुठवर आलं, किती राह्यलं. दुसरं काय? तो तिकडं नाड्यावर राजावानी बसायचा. त्याला काय दिसतंय?"

"एक मारून दाखवता?"

"हितं? हितं कुठं पानी हाय?"

आतून सुनेचा आवाज आला, "आत्याबाई, बाथरूमचा नळ सोडू का?" आत्याला ते नेमकं ऐकू आलं. "तू गप, कुकर बघ."

मी हट्ट धरला. नुसते शब्द सांगा, मी लिहून घेते. मी वही काढली सुद्धा. ज्या माणसाला मी आदल्या रात्रीपासून शिव्या देत होते, तो वहीवाला, त्याच्यासारखीच बसले होते आणि मला ते कळलंही नाही. आत्या वहीकडं बघत राहिली.

"शब्द कुठनं आनू? रोज त्येच वाफं असत्यात का? कवा गहू, कवा मिरची. पानी जिथं आसंल ते सांगायचं. आता तुझं पानीच न्हाई तर मी काय सांगू? बोरीला आजून वाफं करत्यात का?"

"ठिबक झालंय सगळीकडं."

"मंग? ठिबक टपाक म्हनलं, आशी हाक मारू?"

मी वही मिटली. निघताना पाया पडले तेव्हा माझा हात धरून ठेवला आणि हळू म्हणाली, "कोथमिरीला न्हाई करत कोन ठिबक. तुझ्या मामाला इचार कवा टाकतोय."

मामानं दिवाळीनंतर टाकली. तोपर्यंत परीक्षेचा अर्ज भरायची तारीख येऊन गेली. मॅडमना फोन केला की माझं गाणं अजून उगवलेलं नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उगवू दे."

त्या महिन्यांत मी पुण्यात काय केलं तर वाट बघितली. आयुष्यात पहिल्यांदा मी कशासाठी तरी वाट बघत होते आणि निवेदन द्यायला कोणतं ऑफिस नव्हतं. मी कधी न ऐकलेल्या आवाजाची मला आठवण येत होती. हे मूर्खपणाचं आहे, मला कळतंय. पण सारंगीवाल्या मुलीची तार तुटली की मी आता जाऊन तिच्याजवळ बसायला लागले होते.

कोथिंबीर चार बोटं वर आली तेव्हा आत्याला पिकअपमधून आणली. त्या आठवड्यात लाइट दिवसा होती. दुपारी तीनला मामानं मोटर चालू केली. पाणी पाटात आलं. आत्यानं चपला बांधावर काढल्या, लुगडं वर खोचलं, फावडं घेतलं आणि पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी उभी राहिली, विहिरीकडं पाठ करून. वाकली तशी पंचाऐंशी वर्षांची वाटेना. मी मध्ये बांधावर, दोघंही दिसतील अशी.

आजोबा धावेवर गेले. "चल माझ्या सरदारा..." सगळं कडवं म्हणून खाली पोचले. मागं मागं वर आले. थांबले. मान कलती.

आत्या पाण्याकडं बघत होती. तिला ऐकूच गेलं नव्हतं. मी हात हलवणार तोच आजोबांनी मला खूण केली, राहू दे.

ते पुन्हा उतरले, पुन्हा गायले. पुन्हा वर. तोपर्यंत पाणी पाटाचं वळण घेऊन आलं, वाफ्यात शिरलं, कोथिंबिरीच्या बुडख्यांतून सरपटत आत्याच्या पायाशी आलं. आणि आत्यानं मान वर न करता आवाज सोडला.

आली रं भावा आली, माझ्या टाचंला भिडली,
आजून दोन दे धावा, एक कोपरी राह्यली.

पातळ, कोरडा, वर चढणारा आवाज. म्हटलं तर हाक, पण आजोबांच्या कडव्याची चाल जिथं तुटत होती तिथं तो नेमका येऊन बसला. मोटर गुरगुरत होती, तिला धावांची गरज नव्हती, आणि तरी आजोबा दोन धावा पुऱ्या करायला निघाले, कारण बहिणीनं दोन मागितल्या होत्या.

पुढच्या वेळी तिनं 'टाचंला' म्हटलं नाही. पाणी बांधाला लागलं होतं, ती तेच म्हणाली. मग एकदा फावडं अडकलं म्हणाली. एकदा भाऊ म्हातारा झाला म्हणाली, तेही चालीवर. चार वाफे झाले. आजोबांचा चेहरा मी इतका उजळलेला बघितला नव्हता.

मग पाचव्या वाफ्याला ते आत्याच्या ओळीनंतर सुटेचनात. तशीच मान कलती करून उभे. आत्यानं पुन्हा हाक दिली. तरी उभे. मी धावत वर गेले, वाटलं चक्कर आली.

"काय झालं?"

"काय न्हाई." ते आत्याकडं बघत होते. "ही लवकर देती. वाफ्यात पानी शिरलं की झालं, लगीच हाक. आमच्या घरची तशी न्हवती. पानी पार टोकाला टेकल्याबिगर ती तोंड उघडायची न्हाई. मी म्हनायचो, बये, बैल ताटकाळल्यात, सांग की. तर म्हनायची, न पोचलेलं कसं सांगू?"

मला खळ्यातलं ते थांबणं आठवलं. तो बहिणीचा वेळ नव्हता. आत्या सासरी गेली, आजी आली, आणि पुढची सगळी वर्षं आजोबा जितके थांबले तितके आजही थांबतात. मी वर्गात जे तिप्पट थांबले होते ते पाणी वाफ्याच्या टोकाला टेकेपर्यंतचं होतं. आजीचे शब्द गेले, आवाज गेला, चालीवर ती काय म्हणायची ते कधीच कळणार नाही. कुठं अर्ज करू? फक्त तिला किती वेळ लागायचा तेवढं राहिलंय, आजोबांच्या मानेत.

आत्याला ओरडून सांगितलं की जरा उशिरा हाक द्या, आजीसारखी. तिनं फावडं रोवलं. "मी माझंच सांगनार. तिचं तिला इचार." मग थोड्या वेळानं, तशीच पाठमोरी, "बरी व्हती ती. दारं माझ्यापरीस चांगली धरायची. कोपरी न्हाई राहू दिली कधी." ऊन उतरायच्या आत तिला पिकअपमध्ये बसवलं, कारण निमगावच्या रस्त्याला उसाच्या कडेनं बिबट्या दिसल्याचं सकाळीच कुणी तरी सांगितलं होतं. आजोबा गाडीपर्यंत गेले. आत्यानं त्यांच्या शर्टाला लागलेलं घाणेरीचं पान काढून टाकलं.

दोन वाफे राहिले होते. मोटर चालू होती, पाणी पाटातून वाहून चाललं होतं. मामा म्हणाला, मी बघतो. मी म्हटलं, मी.

चपला काढल्या. पाणी थंड होतं. फावडं पहिल्याच घावाला मातीत फसलं आणि वाफ्याचं तोंड पाहिजे त्याच्या दुप्पट फुटलं. मामा बांधावरून, "ताई, तिथं धरण बांधायचंय का?" मी दोन्ही हातांनी माती ओढून ते बुजवलं. वर धावेवर आजोबा उभे होते. मला वाटलं होतं ते घरात गेले असतील. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि उतरायला लागले, गात.

कडवं संपलं. ते मागं आले. थांबले. ते वाट बघत होते आणि मला त्यांना वाट बघायला लावायचं नव्हतं. मी आत्याच्या चालीवर, जोरात, सभेतला आवाज काढून म्हटलं, आली आजोबा आली, टोकाला भिडली.

"खोटं बोलू नको!" विहिरीवरून आवाज आला. "पाटात आजून खळखळ हाय, मला ऐकू येतंय. कुठाय पानी?"

मी खाली बघितलं. पाणी वाफ्याच्या निम्म्यावर होतं. पुढं कोरड्या मातीच्या भेगा होत्या, एकेक भरत ते येत होतं, एखाद्या भेगेशी अडत, तिच्यात बुडत, पुन्हा वर येऊन पुढं. त्याला किती वेळ लागेल हे मला माहीत नव्हतं. मी तोंड मिटलं आणि टोकाला जाऊन उभी राहिले. वर आजोबांची मान तशीच कलती होती. पाणी अजून दोन हात लांब होतं.